हात वाळेपर्यंत

सुरुवातीची दोन वर्षं मला स्पॅनिशमध्ये फक्त माफी मागता यायची. 'झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत', 'कृपया लाइनवर थांबा', 'तुमची तक्रार वर कळवली आहे'. हे मी इतक्या गोड आवाजात म्हणायचो की पलीकडची बाई बिघडलेलं वॉशिंग मशीन विसरून माझीच चौकशी करायची. नवी मुंबईतल्या कॉल सेंटरने एवढंच शिकवलं होतं. व्याकरण माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही, पण आवाज शिरतात. श्रीवर्धनच्या शाळेत असताना मी खिडकीखाली बसून हेडसरांच्या आवाजात 'आज लवकर सुट्टी' म्हणालो आणि आख्खी आठवी ब घरी गेली. हेडसरांनी मला ज्या छडीने मारलं तिचाही आवाज मी काढू शकतो.

संपादकांनी 'दुभाषा म्हणून आलेले अनुभव' लिहायला सांगितलंय. अनुभव लिहायला केस पिकलेले लागतात, माझे अजून काळे आहेत. पण धंदा मात्र माझ्याआधी म्हातारा झाला. आता लोक मोबाइल तोंडासमोर धरतात, मोबाइल बोलतो. त्यामुळे निवृत्त माणसासारखं लिहायला हरकत नाही.

दुभाष्याचं काम काय असतं ते आधी सांगतो. दोन माणसांच्या मधे उभं राहायचं आणि आपण तिथे नाहीच असं वागायचं. स्पॅनिश माणूस 'माझं डोकं दुखतंय' म्हणाला, तर आपणही 'माझं डोकं दुखतंय' असंच म्हणायचं. 'ते म्हणतात की त्यांचं डोकं दुखतंय' असलं शेपूट लावायचं नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात कंपनीच्या पाटीलसाहेबांनी मला दोनदा डोकेदुखीची गोळी दिली. तो चिडला तर आपणही चिडायचं, तो हसला तर हसायचं. पदरचं घालायचं नाही, त्यातलं चोरायचं नाही. आणि जे कळलं नाही ते 'कळलं नाही' म्हणून सांगायचं. हा शेवटचा नियम मी मोडला, त्याचीच ही गोष्ट.

खाडीतल्या एका जेटीवर मोठी क्रेन उभी करायची होती. क्रेन स्पेनहून सुटी सुटी आली आणि ती जोडायला चार माणसं आली. त्यांचा मुकादम चेमा, पन्नाशीचा, टक्कल, भुवया मात्र नारळाच्या शेंडीसारख्या. पाटीलसाहेब हे कंपनीचे कोऑर्डिनेटर, नवी मुंबईचे, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. चौघांची राहायची सोय दिवेआगरला वैजूकाकूंच्या घरी केली होती. जेटीपासून गाडीने दहा मिनिटं, म्हणून दुपारचं जेवणही तिथेच. काकूंचं जेवण शाकाहारी. समुद्राकाठी येऊन मासा नाही म्हटल्यावर चेमाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच सगळे मासे सोडून दिले होते. पण वालाचं बिरडं तोंडात गेलं आणि त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

काकूंचे यजमान अण्णा. चक्रीवादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी एका सकाळीत आडव्या झाल्या, आजोबांनी लावलेल्यासुद्धा. घराचं छप्पर परत बसलं, खोल्या सारवून, रंगवून पाहुण्यांसाठी उघडल्या. अण्णा मात्र बसले नाहीत. म्हणजे कुठेच बसायचे नाहीत. जेवण झालं की हात धुतला आणि निघाले मागे वाडीत. तिथे नवीन रोपं गुडघ्याएवढी, त्यांच्याकडे उभं राहून बघायचं. बोलणं 'हं' आणि 'नको' एवढंच. काकू मला लहानपणापासून ओळखतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "निल्या, तू ऐऱ्याचे आवाज काढतोस, गैऱ्याचे काढतोस. यांचा काढून दाखव बघू. मी विसरत चाल्ल्ये."

मी तेव्हा हसलो.

आता चूक. पहिल्या दिवशी सगळे पडवीत उभे. पाटीलसाहेब म्हणाले, "निलेश, इनको बोल, लंच ब्रेक पंचेचाळीस मिनिटं. खाने का, निकलने का." मी सांगितलं. चेमाने भुवया वर केल्या आणि म्हणाला, "ई ला सोब्रेमेसा?"

हा शब्द माझ्या माफीच्या कोर्समध्ये नव्हता. पण 'सोब्रे' म्हणजे वर आणि 'मेसा' म्हणजे टेबल हे मला माहीत होतं. पाटीलसाहेब घड्याळ बघत होते. मी एका क्षणात जोडणी केली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आणि टेबलावर काय काय असणार?"

"म्हणजे खाण्याची हौस आहे," पाटीलसाहेब म्हणाले. "वहिनी, टेबल भरलेलं दिसलं पाहिजे हां. परदेशी पाहुणे आहेत."

काकूंना असं सांगणं म्हणजे पेटत्या चुलीत करवंटी टाकणं. दुसऱ्या दिवशी दोन भाज्या, कोशिंबीर, बिरडं, आमटी, भात, मोदक. चौघं जेवले, ढेकर देऊन मागे रेलले आणि गप्पा मारायला लागले. उठेनात. काकूंच्या घरचा नियम असा, की माणूस पानावर बसलाय म्हणजे त्याला हवंय. त्या भातवाढी घेऊन आल्या. चेमाला वाटलं, या घरची रीत असेल, नाही म्हणणं बरं नाही. त्याने भात घेतला. भात संपला, गप्पा चालू. काकू परत आल्या. चेमाने परत घेतला. मी चेमाला विचारलं, "भूक आहे अजून?" तो कुजबुजला, "नाही रे, पण बाईंचं मन कसं मोडू?" काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "उठत नाहीत बिचारे, पोट भरलं नसेल." मी दोघांच्या मधे उभा. दोघांचं खरं मला ठाऊक, आणि मी दुभाषा! बोललो असतो तर तिथेच संपलं असतं. पण बोलायचं म्हणजे तो टेबलाचा शब्द मी अंदाजाने ठोकला होता हे आधी सांगावं लागलं असतं, आणि त्याचा खरा अर्थ तोपर्यंत मलाही कळला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात चेमाने उंचावर चढायचा पट्टा दोन भोकं सैल केला.

माझी भाषा सुधारली ती या लोकांबरोबर संध्याकाळी समुद्रावर फिरताना. कॉल सेंटरमधली स्पॅनिश म्हणजे इस्त्रीचा शर्ट, यांची म्हणजे बनियन. पहिल्यांदा चेमा म्हणाला, 'केदामोस आ लास ओचो', तर मी मनात भाषांतर केलं, 'आपण आठला उरतो'. घाबरलोच. ते 'आठला भेटू' निघालं. चेमा हेसुद्धा नाव नव्हतं. मूळ खोसे मारिया, त्याचा शेंडा-बुडखा छाटून राहिला चेमा. मी म्हटलं, आमच्याकडे निलेशचा निल्या होतो, प्रकाशचा पक्या. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडेही ज्याच्यावर जीव आहे त्याचं नाव कापतात."

शब्द कसे बनतात ते त्याने मला वाळूत बोटाने लिहून शिकवलं. बारमध्ये मिळणाऱ्या छोट्या बशीला तापा म्हणतात. ती खात या बारमधून त्या बारमध्ये हिंडणं झालं तापेओ. दुपार-संध्याकाळ म्हणजे तार्दे. रात्री जागायचं वय उरलं नाही म्हणून लोक उन्हं उतरतानाच मजा करायला लागले, त्याचं झालं तार्देओ. कुठल्याही शब्दाला 'एओ' चिकटवा, त्याचा उद्योग होतो. गुरुवार खुएवेस, शुक्रवार विएर्नेस. शुक्रवारपर्यंत कोण थांबणार, म्हणून गुरुवारीच धमाल, आणि त्या दिवसाचं नाव खुएर्नेस. मी म्हटलं, यात नवल काय? आमच्याकडे दिव्यांची अमावास्या असते, तिची लोकांनी गटारी केली. रिवाज आधी येतो, मग कोणीतरी वात्रट माणूस त्याला नाव ठेवतो, आणि नाव ठेवलं की रिवाज पक्का. जगभर हे काम माझ्यासारख्या टवाळांनीच केलेलं असणार.

मग मी 'एओ' घेऊन गावभर सुटलो. चहेओ, पडवेओ, झोपाळेओ. काकूसुद्धा म्हणायला लागल्या, "झालं का रे तुमचं चहेओ? कप आणा इकडे."

मधे एक पूलही बांधला. सव्वीस जानेवारी गुरुवारी आली. चेमा मला म्हणाला, साहेबांना विचार, शुक्रवारी पुएंते करायचा का? पुएंते म्हणजे पूल. मी नियमाप्रमाणे जसंच्या तसं विचारलं, "साहेब, शुक्रवारी आपण पूल करायचा का?" पाटीलसाहेबांचा चहा हातातच राहिला. "कौनसा पूल? अपने स्कोप में पूल नहीं है! किसने बोला पूल?" त्यांनी थेट मुंबईला फोन लावला. तिकडेही कोणीतरी घाबरून कागद शोधायला लागलं. अर्ध्या तासाने कळलं, की गुरुवारच्या सुट्टीपासून शनिवार-रविवारपर्यंत पोचायला मधल्या दिवशी मारायची दांडी, तिला ते पूल म्हणतात. साहेब म्हणाले, "दांडी तर दांडी बोल ना! मला इथे अटॅक आला असता."

पण मी अण्णांचं सांगत होतो. एका दुपारी काकू आतून ओरडल्या, "बटाटा वाढू का?" चेमा ताठ बसला. "पताता!" मग दोघं एकमेकांकडे बघत 'बटाटा-पताता' करत बसले. अण्णा हात धुवायला उठत होते. ते थांबले. उष्ट्या हाताने तसेच उभे राहिले आणि जरा वेळाने म्हणाले, "पगार."

चेमाने टेबलावर थाप मारली. "पागार! पागार!" त्यांच्याकडे त्याचा अर्थ पैसे देणं. अण्णा खाली बसले. "चावी," म्हणाले. चेमाने डोकं खाजवलं. त्यांचं 'यावे', हे अर्धंच जुळलं. पोर्तुगीज तिकडे स्पेनचे शेजारी आणि इकडे आपलेही, त्यामुळे वस्तू उसन्या गेल्यासारखे हे शब्द इकडेतिकडे पडलेत, असं मी दोघांना सांगायला गेलो. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा चार शब्द शोधून आले. एकही जुळला नाही, पण तो दिवस संपेपर्यंत बोलले. मग वाडीचं निघालं. पोफळ पडते तेव्हा कसा आवाज येतो ते अण्णांनी तोंडाने काढून दाखवलं. मी आवाज काढण्यात स्वतःला उस्ताद समजतो, पण तो आवाज मी अजून कधी काढला नाही. चेमाने भाषांतर मागितलं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात भातवाढी धरून उभ्या होत्या. नंतर आत गेल्या आणि अजून भात घेऊन आल्या.

त्याच संध्याकाळी चेमाने मला विचारलं, "निल, या घरात सोब्रेमेसाला इतकं खावंच लागतं का?"

"म्हणजे?"

"सोब्रेमेसा! जेवण संपल्यावर टेबलावर जे होतं ते. बसणं, बोलणं. जेवणापेक्षा तेच महत्त्वाचं. तुमच्याकडे त्याला शब्द नाही?"

माझे कान गरम झाले. टेबलावर काय असणार! टेबलावर गप्पा असणार, एवढंच तो पहिल्या दिवशी विचारत होता. त्याला सांगितलं, आमच्याकडे टेबल नसायचं, पाट असायचे. पण जेवणं झाली, तरी गप्पांत कोणी उठत नाही आणि उष्टा हात तसाच सुकतो. हात वाळवत बसणं म्हणतो आम्ही. त्यांनी नाव घेतलं टेबलावरून, आम्ही हातावरून. जे समोर असेल तेच शब्दात जातं.

"मग एओ लाव," चेमा म्हणाला.

"हातवाळेओ."

त्याला 'ह' येईना. तो घशातून म्हणाला, "खातवालेओ." दुसऱ्या दिवशी काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "खातवाले हो! अगदी बरोबर."

माझी चूक मात्र मी कोणालाच सांगितली नाही. कॉल सेंटरमध्ये रोज दुसऱ्याच्या चुकीसाठी शंभरदा दिलगीर होणाऱ्या मला स्वतःच्या एका चुकीला एक शब्द सापडेना.

मार्च उजाडला आणि एका दुपारी पाटीलसाहेब न सांगता आले. सव्वादोन वाजले होते. पानं पुसून लख्ख, सगळ्यांचे हात वाळलेले, अण्णा चेमाला काहीतरी मराठीत समजावतायत, चेमा स्पॅनिशमध्ये हो म्हणतोय, आणि काकू मोदकांचं दुसरं ताट घेऊन येतायत.

"ये क्या चल रहा है? पंचेचाळीस मिनिटं सांगितली होती! काम पंधरा दिवस मागे आहे, मला वर जवाब द्यायचाय. निलेश, बोल इनको. उद्यापासून मुक्काम माणगाव. हॉटेल. बुफे. दुपारचा डबा जेटीवरच, वीस मिनिटं."

काकूंनी अण्णांकडे बघितलं. अण्णा उठले. हात धुवायला निघाले, तसेच, पहिल्यासारखे.

नियमाप्रमाणे मी चेमाला सगळं सांगितलं, साहेबांच्याच आवाजात, साहेबांसारखं बोट नाचवत. माझ्या तोंडून ते बाहेर पडलं तेव्हा मलाच माझा राग आला. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या आवाजात बोललो. तो आवाज भलताच बारीक निघाला.

"साहेब, चूक माझी आहे. पहिल्या दिवशी हे जेवण मागत नव्हते. जेवल्यावर बसायला वेळ आहे का, असं विचारत होते. मला शब्द कळला नाही आणि मी ठोकून दिलं. काकू, म्हणून तुम्ही एवढं रांधत राहिलात. पोट तर त्यांचं पहिल्या वाढपातच भरायचं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग ताट टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मेल्या, इतकी वर्षं लोकांना वाढत्ये. पोट भरलेला माणूस मला ओळखता येत नाही होय? पहिले चार दिवस फसले. मग कळलं. पण पान रिकामं झालं की हे उठतात," त्यांनी मानेने अण्णांच्या दिशेला खूण केली, "आणि मी वाढत राहिले की बसतात."

चेमाने हळूच विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं. जसंच्या तसं, काही न घालता, न चोरता. त्या वेळी तो नियम पाळणं सगळ्यात जड गेलं.

अण्णा मोरीच्या दारात हात न धुताच उभे होते. ते वळले. "पाटील," म्हणाले. साहेब चपापले, त्यांनी अण्णांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. "दुपारी दोननंतर तुमची क्रेन हलते काय हो?"

"म्हणजे?"

"होळी जवळ आली की दोनच्या पुढे समुद्रावरून वारा सुटतो. पाच-साडेपाचपर्यंत काय तो थांबत नाही. माझ्या वाडीत त्या वेळी झाडावर गडी चढवत नव्हतो मी. तुम्ही एवढी लोखंडं उचलणार कशी? विचारा त्याला."

विचारलं. चेमाने खिशातून वही काढली. रोज दुपारी वारा मोजून लिहिलेला, आणि पुढे एकच शब्द, 'थांबलो'. जेवून लवकर गेले, तरी ते क्रेनखाली बसूनच राहायचे. हे साहेबांना का सांगितलं नाही? चेमा म्हणाला, "रोज या वहीची प्रत सही करून पाठवतो. कोणी वाचत नसेल हे मला काय माहीत?"

पाटीलसाहेबांनी वही उलटली, पालटली. मग खुर्ची ओढली. "मग करायचं काय?"

"उजाडताना सुरू करा," अण्णा म्हणाले. "तेव्हा पान हलत नाही. दुपारी काम बंद. वारा पडला की परत जा."

"और दुपारी दो से पाँच?"

अण्णांनी आपल्या वाळलेल्या हाताकडे बघितलं. "हे," म्हणाले.

काकूंनी साहेबांपुढे पान मांडलं. साहेब नको नको म्हणत सात मोदक जेवले आणि साडेतीनला उठले.

क्रेन मेअखेरीस उभी राहिली. निघायच्या दिवशी चेमा अण्णांना 'आस्ता लुएगो' म्हणाला. म्हणजे नंतर भेटू. ते लोक जन्मात परत न भेटणाऱ्यालाही तेच म्हणतात. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो स्वतःच म्हणाला, "येतो." शिकवलं होतं अण्णांनी. निघताना जातो म्हणायचं नाही, हे त्याला कुठल्याही शब्दाआधी पटलं होतं. त्या दोघांच्या मधे मी उभा होतो आणि माझं काहीच काम नव्हतं. दुभाष्याला याहून मोठा पगार नसतो, आणि याहून वाईटही काही वाटत नाही.

पुढच्याच रविवारी मी काकूंकडे गेलो. लांब टेबलावर अण्णा आणि मी, दोघंच. आमटी-भात झाला, अण्णांचं पान पुसून झालं. चार खुर्च्या रिकाम्या. अण्णांनी एकदा त्या खुर्च्यांकडे बघितलं आणि हात टेबलावर टेकून उठायच्या बेतात आले. मला आणखी एक घासही जाणार नव्हता. पट्ट्याची भोकं माझीही संपली होती.

दारात काकू उभ्या. हातात भातवाढी. माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "निल्या, भात वाढू?"

"वाढा," मी म्हटलं. "आणि अण्णा, त्या खालच्या ओळीतल्या रोपांना काय झालंय? पानं पिवळी का पडली?"

अण्णा परत खाली बसले.